डाव्या बाजूचा आरसा

शनिवारी सकाळी आमच्या गाडीचा डाव्या बाजूचा आरसा दारावर लोंबकळत होता. काच फुटलेली, खोक्याला तडा गेलेला. हे कुणी केलं, ते जवळ जाऊन बघायच्या आधीच आम्हाला माहीत होतं. शेजारच्या काकांनी. दुसरं कोण? दोन अंगणांमधल्या दगडी गडग्याचे तांबडे चिरे आमच्या हद्दीत सरकवल्यापासून त्यांच्याशी बोलणं बंद आहे, आणि त्यांचा पांढरा टेम्पो आमच्या फाटकासमोरून अगदी खेटून जातो. त्यातून मी मुळातच संशयी. दूधवाला हसला तरी आज पाणी जास्त घातलंय असं वाटणारी.

बाबा एवढंच म्हणाले, "काल पालीच्या बाजारातून आलो, गाडी गल्लीत लावली. पुढचं मला काय ठाऊक?"

रविवारी सकाळी आई नारळ घेऊन देवळात निघाली. "गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगत्ये. ज्याने आरसा फोडलान नि गप बसलाय, त्याच्या डोळ्यांपुढे काळोख येऊ दे!" आमच्याकडे पोलिसांपेक्षा ग्रामदेवतेवर भरवसा जास्त. एरवी अशा कामाला बाबा स्वतः नारळ सोलून देतात. त्या दिवशी मात्र ते "एवढ्यातेवढ्यासाठी देवाला कशाला त्रास" असं पुटपुटले आणि चहाच्या कपात बघत बसले. आई गेलीसुद्धा.

नवी काच मी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. आरसा घरीच खोलायचा माझा हट्ट होता. गॅरेजवाला फडकं मारून सगळा पुरावा पुसून टाकणार! अंगणात गाडी घेतली, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि दाराच्या आतल्या कोपऱ्यातली तिकोनी पट्टी डिसमिसने उचकटली. मागे नट होते. पकडीने ते काही हलेनात.

"बाय, दहाचा पाना देऊ काय?" गडग्यापलीकडून काका. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलले. पाना मी घेतला, पण मनात म्हटलं, आला बघायला, टेम्पोचा रंग लागलाय का ते.

रंग लागला नव्हता. आरसा सुटून हातात आला. मी तो उन्हात धरून उलटासुलटा केला, खोक्याच्या सांध्यात पांढरा कण शोधला. पांढरं काहीच नव्हतं. होती ती तांबडी भुकटी, चिऱ्याची, सांध्यात घट्ट बसलेली. काकांनी चिरा फेकून मारला की काय, असंही क्षणभर वाटून गेलं. मग मी उठून आमच्या फाटकापाशी गेले. डाव्या चिरेबंदी खांबावर, बरोबर आरशाच्या उंचीवर, ताजा ओरखडा होता आणि त्यावर कुणीतरी ओल्या मातीचा हात फिरवला होता. आमच्या खांबाला माती लावायला काका कशाला येतील? आणि रोज गाडी अंगणात आणणाऱ्या बाबांनी परवा ती गल्लीतच का सोडली?

सोमवारी बाबा आईला गाडीने संगमेश्वरला, तिच्या माहेरी नेणार होते. हमरस्त्याने, ट्रकांच्या गर्दीतून.

मी खोक्याचा तडा गोंदाने सांधला, नवी काच दाबून बसवली, नट आवळले. काचेवर दुकानातला पांढरा कागद चिकटवलेला होता. तो मी मुद्दामच काढला नाही.

"बाबा, जरा बसून बघा हो, नीट बसलाय का आरसा."

ते उत्साहाने आले. चालकाच्या जागेवर बसून त्यांनी सवयीने किल्ली लावली आणि डावीकडे मान वळवली.

"झकास! गडगा दिसतो, फणस दिसतो, मागची सगळी गल्ली दिसत्ये."

आई तेवढ्यात देवळातून आली होती. हातात फोडलेल्या नारळाची कवड घेऊन ती नेमकी त्या आरशाशीच उभी होती. तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कागदावर बोट टेकवलं.

"अहो," ती म्हणाली, "केव्हापासून?"

बाबांनी लपवायचा प्रयत्न केला नाही. "गणपतीपासून. धुक्यासारखं दिसतं."

"मग मी नारळ घेऊन निघाले तेव्हा अडवलंत का नाही मला?"

बाबांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. "अडवलं असतं, तर तुम्ही दोघींनी किल्ली काढून घेतली असती."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं. आईने गाडीला वळसा घातला, त्यांच्या गुडघ्यावरून हात घालून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मग गाऱ्हाणं मागे घ्यायला ती तशीच, अनवाणी, पुन्हा देवळाकडे निघाली.