वच्छलाचं नाचणं मी लिवलं अन् घोटाळा झाला

बायांनो, आज मायं डोकंच चालून नाई राह्यलं.

नातीनं ब्लॉग काढून देल्ला, तवापासून मैतरणींच्या गमती लिवते. परवा लिवलं, कापूस वेचाआधी वावरात दहीभाताचा निवद दाऊन सीतादहीची पूजा झाली अन् वच्छला तिथंच नाचली.

आज वच्छला तणतणत आली. "काहून लिवलं वो? मी पोराले, बाळूले, सांगतलं होतं, कापसाले भाव नाई, गुडघे धरले, दिवाळीले ये. त्यानं पुण्यात वाचलं. म्हन्ते, आई, तू तं मजेत हायेस, पुढच्या वर्षी येतो!"

मले आधी आनंदच झाला, मायं लिवलेलं पुण्यात वाचतेत! मंग तिचे डोळे पाह्यले.

"उद्या लिव, वच्छला पडली म्हून."

खोटं कसं लिवू? खऱ्यानंच तं घोटाळा केला. तुमी काय केलं असतं?

बाळू, तू वाचतच असशील. आई नाचली, खरं हाय. एसटी आली का रस्त्याकडं पाह्यते, तेबी खरं. ते लिवाचं राह्यलं होतं.