सीटची उंची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही – तिथे तर मी चटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला सांगते आहे, पण मला समजून घेऊ नका. 'होतं असं कधीकधी' म्हणू नका. असं होत नाही, करावं लागतं. मी ते थंड डोक्याने केलं.

गोष्ट एका गाडीची आहे. हसू आलं ना? येऊ द्या.

आम्ही यवतमाळचे, नोकरदार घर. आमचे हे सरकारी कचेरीत. वेतन आयोगाची थकबाकी हाती आली आणि यांनी चारचाकीचं मनावर घेतलं. ती वर्षं कापसाला वाईट होती. खेड्यांतून रोज काहीतरी कानावर यायचं, आणि शोरूममध्ये आमच्याशिवाय गिऱ्हाईक नसायचं. यांचा स्वभाव मुळात चिकित्सक – भेंडीसुद्धा मोडून बघितल्याशिवाय घेत नाहीत. कॉलनीत कुणाच्या दारात गाडी दिसली की हे थांबलेच. मायलेज किती देते? एसी लावल्यावर चढावर दम धरते का? डिकीत किती मावतं? जुनी झाल्यावर विकली जाते का? जेवताना, चहा पिताना, घरात दुसरा विषय नाही. शेवटी दोन गाड्यांवर येऊन गाडं अडलं. एक उंच, डब्ब्यासारखी. दुसरी बुटकी, लांब, मागे मोठी डिकी.

सासूबाईंना उंच गाडी हवी होती. त्यांचे गुडघे गेले होते. एसटीची पायरी चढणं कधीच बंद झालं होतं, आणि मुकुटबनला त्यांची धाकटी बहीण होती – कमलमावशी, अंथरुणाला खिळलेली. दोघींची भेट होऊन किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. गाडी आली की आधी मुकुटबन, असं सासूबाईंनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. शोरूममध्ये त्या उंच गाडीत बसल्या, आपल्या आपण उतरल्या आणि गंमत वाटल्यासारख्या पुन्हा बसल्या. "हे तं खुर्चीवर बसल्यावानी वाटते," म्हणाल्या.

मी ते बघितलं. मला वाटलं, झालं – आता ही बाई जन्मभर आपल्या गाडीत.

तुम्ही विचाराल, सासूने एवढं काय केलं होतं? हाच तर घोळ आहे. फार काही नाही. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त आम्ही दोघं कुठे निघालो की त्या आमच्याआधी चपला घालून पायरीवर बसलेल्या असायच्या. चिखलदऱ्याला गेलो तेव्हा भाड्याच्या जीपमध्ये खिडकीशी त्यांचा लेक, लेकाशेजारी त्या, आणि मागे पिशव्यांबरोबर मी. मला त्यांचा राग यायचा. नाही – राग हा फार सभ्य शब्द झाला. मला त्या नकोशा होत्या. त्यांच्या अंगाला येणारा तेलाचा वास, त्यांचं ते 'माह्या पोराले हे चालत नाही', त्यांचं नुसतं असणं.

आणि त्यांच्या गुडघ्यांची खडान्‌खडा माहिती मलाच होती. रोज काखेत हात घालून उठवणारी मीच ना! पलंगावरून उठता येतं, सोफ्यावरून येत नाही. पाटावर बसल्या तर उठवायला दोघं लागतात. मी शोरूममध्ये त्या बुटक्या गाडीत बसून बघितलं. सीट खोल होती, माझेच गुडघे वर आले. तिथेच माझं ठरलं.

घरी हे म्हणाले, तू सांगशील ती घेतो. मी म्हटलं, उंच गाड्या वळणावर उलटतात. माझ्या मावसभावाची अशीच उलटली, पांढरकवड्याच्या रस्त्यावर, थोडक्यात वाचला. माझ्या मावसभावाकडे तेव्हा साधी स्कूटरही नव्हती.

हे घुटमळले – आईचं काय? तर सासूबाईच मध्ये बोलल्या. "नको बापा थे उलटणारी गाडी. तुह्या जिवापरीस काय जास्त आहे? मी बसीन कशीबी."

तिथे तरी थांबायला हवं होतं ना मी? मी भात वाढत राहिले.

गाडी आली. चाकांखाली लिंबं ठेवली, सासूबाईंनीच ओवाळलं. मग त्या आत बसल्या – बसल्या कसल्या, पडल्याच. एक चक्कर मारून आल्यावर उतरता येईना. यांनी एक हात धरला, शेजाऱ्यांनी दुसरा. पातळ गुडघ्याच्या वर गेलं, कॉलनी बघत होती, आणि त्या हसत होत्या, रडू येऊ नये म्हणून. पुन्हा कधी त्या गाडीत बसल्या नाहीत. "तुम्ही या जाऊन," म्हणायच्या. वर शेजारणींना सांगायच्या, सुनेनं माह्या पोराच्या जिवाचा इचार केला. मला ते ऐकायला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं.

एवढंच असतं तर कदाचित कधीतरी सांगूनही टाकलं असतं. पण पुढचं आहे.

दिवाळीनंतर मुकुटबनहून निरोप आला, कमलमावशींचं आता काही खरं नाही. हे म्हणाले, आईसाठी उंच जीप भाड्याने करू. मी म्हटलं, असल्या रस्त्यावर त्यांना सोसवणार नाही, आपण आधी बघून येऊ. सासूबाईंनी बहिणीसाठी रव्याचे लाडू वळून दिले, मऊ, दात नसलेल्या माणसाला खाता येतील असे. वाटेत खरेदी केंद्रासमोर कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती, माणसं गाड्यांखालीच स्वयंपाक करत होती. आम्ही काचा वर करून पुढे गेलो.

मुकुटबनला पोचल्यावर हे बाहेर मावशींच्या मुलाशी बोलत होते. आत खाटेवर मावशी आणि मी. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "बाई काहून नाही आली?" बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझ्या सासूबाई.

काय सांगायचं होतं? गुडघे. एक शब्द, आणि तो खराही होता. पण गुडघे म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मंग गाडी हाये ना आता? आणि त्या गाडीबद्दल मला एक अक्षर बोलायचं नव्हतं.

"त्यांचं मन नव्हतं," मी म्हटलं.

मावशींनी माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. लाडवांचा डबा तिथेच उशाशी राहिला, त्यांनी उघडला नाही.

आठवड्याभरात त्या गेल्या. सासूबाईंना बातमी कळली तेव्हा मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते. त्या आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाल्या, "यायनंच घात केला." मग मला विचारलं, "सूनबाई, कमलनं मले इचारलं होतं काय?"

'हो' म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता – मग तू काय सांगितलं?

"नाही," मी म्हणाले.

"बरं," म्हणाल्या, आणि दुसरा पाय माझ्यापुढे केला.

त्यानंतरही त्या बरीच वर्षं होत्या. बहिणीने मरताना आपली आठवणसुद्धा काढली नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, माझ्यादेखत. मी ऐकत बसायचे.