वसंतकाकांची शोकसभा आणि माझं पेडल

वसंतकाकांच्या शोकसभेत मी हेवी मेटल वाजवलं. मुद्दाम नाही!

मी गिटार वाजवतो. (घरचे 'वाजवतो' म्हणत नाहीत, 'घेऊन बसतो' म्हणतात.) वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत आवाज मोठा करणारा खरा अ‍ॅम्प आणला असता, तर कमिटीने त्याच्यासकट मलाही गेटबाहेर ठेवलं असतं. म्हणून हेडफोन लावून वाजवता येणारं पेडल घेतलं. डब्याएवढी पेटी, पण पायाने खटका दाबला की मोठमोठ्या अ‍ॅम्पचे आवाज काढते. एका खटक्यावर मऊ सूर, दुसऱ्यावर देवळातल्यासारखा घुमारा, तिसऱ्यावर लोखंडावर करवत चालवल्याचा आवाज.

काका कॅन्सरने गेले. काकू तेव्हापासून रडलीच नव्हती. नुसती भिंतीकडे बघत बसायची. डॉक्टर म्हणाले, "त्यांना रडू द्या." पण रडवणार कोण? (सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं!)

"सभेत अभंग वाजव रे," आत्या म्हणाली. "दादाला आवडायचा."

नौपाड्यातल्या हॉलमध्ये मी पेडल थेट तिथल्या स्पीकरला जोडलं. काकांच्या फोटोसमोर बूट कसे घालायचे? काढले. घरी सगळा सराव बूट घालून केलेला! पहिली ओळ छान गेली. दुसरीला घुमारा द्यावा म्हणून पाय टाकला, आणि मोज्यातला अंगठा गेला करवतीवर.

हॉल किंचाळला! फोटोवरचा हार थरथरला. मागच्या रांगेतले आजोबा कानातलं मशीन उपटत उभे राहिले.

"बंद कर रे मेल्या!" आत्या ओरडली.

मी घाबरून पाय आपटला, तर आवाज दुप्पट! साउंडवाला चहाला गेलेला. शेवटी मी वायरच उपटली.

शांतता. त्या शांततेत काकूचा हुंदका ऐकू आला. मग ती रडायलाच लागली, मोठमोठ्याने.

"काकू, सॉरी गं, चुकून..."

"शेवटी शेवटी हे असेच ओरडायचे रे," ती म्हणाली. "आणि मी म्हणायचे, हळू, शेजारचे काय म्हणतील!"

मी तिचा हात धरून तसाच नुसत्या मोज्यांत बसून राहिलो.

तेव्हापासून नात्यात कुणी गेलं की वाजवायला मलाच बोलावतात. परवा शहाडचे मामा नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅडमिट झालेले. मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो, तर मला दारात बघून मामा ताडकन उठून बसले आणि मामीला म्हणाले, "अगं, हा कशाला आलाय? डॉक्टर काय म्हणाले ते मला खरं सांग!"