झेंडूआडचा लाल दिवा

खंडेनवमीला कारखान्याने मला बोलावलं होतं. माझा धाकटा भाऊ पत्रा दाबणाऱ्या ज्या प्रेसवर काम करताना गेला, तिची पूजा माझ्या हातून व्हावी, असं त्यांना वाटलं. प्रेसच्या विजेच्या पॅनेलचं दार उघडं होतं. आत प्रेस चालवणारा कंट्रोलर आणि त्यावर झेंडूची माळ. माळेआड एक लाल दिवा लुकलुकत होता.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"फॉल्टचा, सर. काही नाही, रिसेट मारला की जातो," सुपरवायझर हसले. "लाडका जावई आहे, सणाला यायचाच!"

भाऊही हेच सांगायचा. दिवा लागतो, रिसेट मारतात, पुन्हा लागतो. दोष शोधायचा तर प्रेस बंद ठेवून एकेक वायर, एकेक कार्ड तपासावं लागतं. तेवढी सवड कुणाला नव्हती. तो गेल्यावर त्याची चूक शोधायला मात्र त्यांना एक दुपार पुरली.

दुखणं सांगणाऱ्याला गप्प केलं की दुखणं संपलं, असं आपण मानतो. आजाऱ्याच्या उशाशी बसूनही "काही नाही, बरं वाटेल" म्हणतो. पण तिथे निदान माया तरी असते.

"सर, अक्षता वाहा," सुपरवायझर म्हणाले.

मी हातातल्या अक्षता ताम्हणात परत ठेवल्या. "आधी हा का लागतो ते शोधा. तोवर पूजा नाही, आणि प्रेसही नाही."

"अहो सर, सणाचा दिवस..."

पूजेनंतर प्रेस सुरू करायला उभा असलेला नवा ऑपरेटर त्या दिव्याकडे बघत होता. त्याने बटणावरचा हात काढून घेतला.