कुणालाही पुढे चाल नाही

परभणी जिल्ह्यात आमच्या सासऱ्यांइतके पराभव पचवलेला माणूस दुसरा नसेल, आणि इतके पचवूनही असा गुटगुटीत राहिलेला तर नसेलच नसेल. एकतीस वर्षं ते आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाचे अध्यक्ष, खजिनदार, चेंडूत हवा भरणारे, जर्सी धुणारे आणि बहुतेक वेळा एकमेव प्रेक्षक आहेत. यंदाचा जानेवारी उजाडेपर्यंत या क्लबाने गंगाखेडच्या स्पर्धेत एकही सामना जिंकलेला नव्हता. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावताना जिल्ह्यातले बाकीचे संघ देवाजवळ एवढंच मागायचे की पहिला सामना आमच्या गावाशी पडू दे. सासऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. "लोक आपलं नाव घेऊन नवस बोलायलेत," ते म्हणायचे, "दुसऱ्या कोन्त्या गावाची एवढी शान हाय?"

गोदाकाठच्या ऊस-कापसाच्या गावात फुटबॉल आला कुठून, असं मला शाळेतल्या सहकारी बाई नेहमी विचारतात. निजामाच्या काळात हैदराबादेहून बदलून आलेल्या कुणा अंमलदाराने सोबत एक चामड्याचा चेंडू आणला होता म्हणे. अंमलदार गेला, निजाम गेला, चेंडू फाटला, खेळ तेवढा राहिला. आसपासच्या गावांनी वेळेवर शहाणपणा करून क्रिकेट धरलं, कबड्डी धरली. आमच्या गावाला ते सुचलं नाही, आणि ज्यांना सुचलं त्यांना सासऱ्यांनी सुचू दिलं नाही. गावाला लागून असलेलं स्वतःचं दोन एकर रान त्यांनी मैदान म्हणून मोकळं सोडलंय. जमीन काळी, कसदार. पावसाळ्यात बुटाला शेर-शेर चिखल लागतो आणि उन्हाळ्यात भुईला अशा भेगा पडतात की चेंडू शोधायला वाकून बघावं लागतं, हा भाग वेगळा. चुलतसासरे दर रब्बीला येतात आणि निदान ज्वारी तरी टाका म्हणून कळवळून सांगतात. सासरे त्यांना चहा पाजतात, सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "जवारी तर सगळेच पेरतेत."

मी परभणीची, विज्ञान शिकवणारी मास्तरीण. मला पाहायला आले तेव्हा स्वयंपाकाचं, शिवणकामाचं मंडळींनी विचारून झालं, आणि मग तोवर गप्प बसलेल्या सासऱ्यांनी एकच प्रश्न टाकला, की ऑफसाइड ठाऊक हाय का. मी नाही म्हटलं. माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. "चालतंय," सासरे म्हणाले, "आमच्या पोरांना बी ठाऊक न्हाई." लग्न तिथंच ठरलं. पुढे चार मुहूर्त सरावाच्या आड येतात म्हणून त्यांनी नाकारले आणि पाचवा, वैशाखातला, भर दुपारचा, पसंत केला. घरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच मला कळलं की आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पैठणीच्या पेटीत पैठणी नाही, क्लबाच्या निळ्या जर्सी आहेत. सासरे त्या स्वतःच्या हाताने धुतात, सावलीत वाळवतात आणि घड्या घालून पेटीत ठेवतात. पैठणी फडताळात, जुन्या गोधड्यांखाली. आत्याबाईंनी सांगून पाहिलं, रुसून पाहिलं, आणि शेवटी हार मानून जर्सींमध्ये डांबरगोळ्या टाकायला लागल्या.

पराभव सांगण्याची त्यांची एक रीत होती. सामन्याहून आले की किती गोलांनी हरलो हे ते कधी सांगत नसत. किती वेळ हरलो नव्हतो, ते सांगत. "पयली अकरा मिनटं बराबरीत व्हतो" हा त्यांच्या तोंडचा मोठाच गौरव होता. एका वर्षी पहिल्याच मिनिटात गोल बसला. त्या दिवशी घरी येऊन पाय धुताना त्यांनी जाहीर केलं, की नाणेफेक आपण जिंकली.

खरं म्हणजे आमचा संघ वाईट नाही. तो गावात नसतो, एवढंच. स्पर्धा असते जानेवारीत, आणि पायात वारं भरलेले आमचे सगळे गडी दिवाळी झाली की बायकापोरांसह ऊसतोडीला गेलेले असतात, कुणी सांगलीकडे, कुणी पार कर्नाटकात. मागे उरतात दहावी-बारावीतली पोरं, केस कापणारा, शाळेचा शिपाई, आणि चष्मा काढून गोलात उभा राहणारा एक शिंपी, ज्याला चेंडू आपल्या मागे गेल्यावरच दिसतो. या उरल्यासुरल्या गावाला टेम्पोत घालून सासरे दरसाल गंगाखेडला जात. त्यांना अभिमान होता तो एकाच गोष्टीचा: आमच्या क्लबाने कधी पुढे चाल दिली नाही. म्हणजे आपण मैदानात उतरलोच नाही आणि समोरचा न खेळता पुढच्या फेरीत गेला, असं एकदाही घडलं नाही. एका वर्षी आठच जण होते, ते आठ जण खेळले. एका वर्षी पोरांना कांजिण्या आल्या, तर बापे उतरले. "ज्याला जिंकायचं त्यानं पळून जिंकावं," ते म्हणत, "फुकट कुनाला काई भेटनार न्हाई."

यंदा मात्र ती पाळी आली. शिंप्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गोलात उभं राहायला कुणी तयार होईना. सामन्याच्या दोन दिवस आधी पोरं अंगणात येऊन उभी राहिली. त्यांनी सांगितलं की दहा-दहा गोल खाऊन शाळेत तोंड दाखवायला लाज वाटते. गोलकीपर असेल तर येतो, नसेल तर तात्या, औंदा नाव काढून घ्या. गाव त्यांना तात्या म्हणतं, मी मामा म्हणते. मामांसमोरचा चहा निवून गेला. या माणसाची मान खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि आजवर त्यांच्या क्लबाची इतकी थट्टा केल्याची मला मनापासून लाज वाटली.

क्लबाचा खरा गोलकीपर ऊसतोडीलाच गेला होता, पण यंदा त्याची टोळी लांब नव्हती. गंगाखेडच्या अलीकडेच उसाच्या एका फडात तोड चालू होती. सामन्याच्या सकाळी मामा माझ्या स्कूटीवर मागे बसले आणि आम्ही फडावर गेलो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि दोघांतला एक नसला की दुसऱ्याचाही दिवस बुडतो. मुकादमाने तेच सांगितलं. तो म्हणाला, की तात्या, तुमचा मान आहे, पण खाडा झाला तर गाडी भरणार नाही. याच्या जागी तोडील कोण? मामांनी गोलकीपरच्या हातातला कोयता काढून घेतला.

"मी," ते म्हणाले.

पासष्टीचा माणूस, बसून उठताना गुडघे वाजतात. गोलकीपरची बायको पदराआड तोंड घालून हसायला लागली, आणि तिच्या हसण्यानेच की काय, मुकादम विरघळला. गोलकीपर स्कूटीवर माझ्या मागे बसला. मामांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सूनबाई, माझ्या जागी तुमी. डोळे उघडे ठिवून बगा आन मला सगळं सांगा."

सामना होता येलदरी धरणाकडच्या संघाशी. धरणाच्या पाण्यात पोहून पोहून त्यांच्या एकेकाचे खांदे दारात मावणार नाहीत असे झालेले. पण आमच्या गोलकीपरचे हातही दोन महिने ऊस तोडून लाकूड झाले होते. चेंडू येई, त्याच्या तळव्यावर आपटे आणि आला तसा निमूट परत जाई. आमचा गोल केस कापणाऱ्याने केला. म्हणजे तो पाठमोरा उभा राहून शिपायाशी भांडत होता आणि शिपायाने रागारागाने हाणलेला चेंडू त्याच्या पाठीवर आपटून आत गेला. शिट्टी वाजली तेव्हा एक-शून्य होतं. मी खुर्चीवर उभी होते, माझा आवाज बसला होता, आणि शेजारच्या संपूर्ण अनोळखी बाईला मी मिठी मारलेली होती.

फडात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून मी आणि गोलकीपर तसेच स्कूटीने गेलो. मामांनी माझ्याकडून सामना तीन वेळा सांगून घेतला. मुकादम इतका खूश झाला की उद्या कारखान्याची गाडी उशिराच येणार आहे, पुढच्या फेरीलाही गोलकीपरला न्या, तात्यांनीही सामना बघावा, असं त्याने आपणहून सांगितलं. गावात शिरलो तर पारावर गुलाल उडत होता. तिथं कुणीतरी हसत हसत म्हणालं, "तात्या, तुमी नव्हता म्हनून जिंकलो की." सगळे हसले. मामाही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली आणि ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढून तयार, आणि मामा दारात उभे, हातात कोयता. म्हणाले, मी फडावर जातो. काल तिथं तोडलं, इकडं जिंकले. मी विज्ञानाची शिक्षिका, मी अंगणातच तास घेतला. योगायोग म्हणजे काय, कार्यकारणभाव म्हणजे काय, एका प्रयोगावरून निष्कर्ष का काढू नये, सगळं सांगितलं. त्यांनी ते वर्गातल्या शहाण्या मुलासारखं ऐकलं. "तुमचं शास्त्र बराबर हाय," ते म्हणाले, "पन पोरांचा सामना हाय." मग चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता, बोलले, "एकतीस साल मी म्हनायलो की पोरं कमी पडायलेत. मीच कमी पडत असलो तर?"

एकतीस वर्षं ज्या माणसाने आपलं रान, आपल्या सुट्ट्या आणि बायकोची पैठणीची पेटी या क्लबाला दिली, तो आज क्लबाचं भलं व्हावं म्हणून क्लबापासून लांब चालला होता. मी त्यांना फडावर सोडलं. गाडी उशिरा यायची होती, तोडीची घाई नव्हती, तरी त्या दिवशी ते पाणी प्यायलाही थांबले नाहीत, असं गोलकीपरच्या बायकोने मला नंतर सांगितलं. तोडता तोडता मोळ्याही तेच बांधत होते, आणि त्यांनी बांधलेली एकेक मोळी तिला पुन्हा सोडून बांधावी लागत होती. पण म्हातारा देवाचं काम करावं तसं करत होता, म्हणून तीही हसत हसत मोळ्या नव्याने बांधत राहिली.

आणि आम्ही हरलो. साधंसुधं नाही, सहा-शून्य. आदल्या दिवशी एकही चेंडू आत न सोडणारा गोलकीपर त्या दिवशी सहा वेळा जाळीत हात घालून चेंडू काढत होता. परतताना तो मागे बसला होता आणि मी स्कूटी मुद्दाम हळू चालवत होते. एक-शून्य हरलो असं खोटं सांगावं का, हाही विचार करून झाला. फडाच्या बांधावर मामा उभेच होते, कोपरापर्यंत काळे झालेले, डोक्याला उसाचं पाचट लागलेलं. कोण जिंकलं, असं त्यांनी विचारलं नाही.

"किती?"

"सहा," मी म्हटलं.

"आपले?"

"न्हाई, मामा. त्यांचे."

ते मोळीवर बसले. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि मग ते असे हसायला लागले की लांब ऊस तोडणारे लोक वळून बघू लागले. "म्हंजे माझ्यामुळं न्हवतं," ते म्हणाले. "सूनबाई, आपली पोरं माझ्याबिगर बी हरतेत की!" गोलकीपरच्या बायकोने फटकारलं, की माझा नवरा सहा गोल खाऊन आलाय आणि तुमी हासायलाव व्हय. मामांनी उठून गोलकीपरच्या खांद्यावर हात ठेवला. शेवटच्या शिट्टीला मैदानात किती जण होते, ते त्याला विचारलं. अकराच्या अकरा होते, एकही बाहेर बसला नव्हता, असं त्याने सांगितलं. "मग?" मामा त्याच्या बायकोकडे वळून म्हणाले, आणि त्यांच्या त्या एका शब्दात एवढी ऐट होती की तीही हसली.

आता जानेवारी सरलाय. पुढच्या वर्षी मामा मैदानात असणार, आणि मीही असणार. आत्याबाईंनीसुद्धा परवा सहज विचारल्यासारखं करून टेम्पोत बायकांना जागा असते का, हे विचारून घेतलं. आमचा क्लब पुन्हा हरेल, आणि मी मान ताठ ठेवून पहिली किती मिनिटं बरोबरीत होतो ते शाळेत सांगेन. एकच गोष्ट माझ्या मनातून जात नाही. एकतीस वर्षांत आम्ही एकदा जिंकलो, आणि तो सामना मी पाहिला, त्यांनी नाही. माझे डोळे काढून देता आले असते तर दिले असते. काल तूर निवडताना मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. विचारलं, की मामा, तुम्हाला वाईट नाही वाटत?

"वाईट कशाचं?" ते म्हणाले. "त्याच्या जागी मी व्हतो, माझ्या जागी तुमी व्हता. जागा कुनाचीच रिकामी न्हवती."

असं म्हणून ते पुन्हा सुपातल्या तुरीकडे वळले. जरा वेळाने, मान वर न करता, त्यांनी हळूच विचारलं, "गोल झाल्यावर पोरं लय नाचली का हो?"

"लय नाचली, मामा," मी म्हटलं.