स्वातीच्या इंटरव्ह्यूला बसलेलं आमचं मंडळ

श्रावण संपला की आमच्या देवघरात नारळ साचतात आणि शुक्रवारच्या मंडळात किस्से. नारळांच्या वड्या तरी करता येतात. किस्से मात्र कुणाला सांगितल्याशिवाय संपत नाहीत. तेव्हा बसा, हे केळं सोलता सोलता सांगते.

* * *

आमची लेक स्वाती लातूरला इंजिनिअरिंग शिकली. कॉम्प्युटरचं काहीही विचारा, सांगेल. पण नांदेडला घरी परत आल्यावर दोन इंटरव्ह्यू हुकले, ते एकाच जागी. "असा एखादा प्रसंग सांगा, जेव्हा तुम्ही…" असं समोरच्यानं म्हटलं, की पोरगी मुकी!

तिचे बाबा म्हणाले, "आता एक शेवटचा. न्हाई जमलं, तर अर्धापूरच्या स्थळाला हो कळवून टाकतो." स्थळ चांगलं, केळीची मोठी बाग. पण पोरीचा चेहरा बघवेना. मी देवापुढं बोलून टाकलं, "हिला नोकरी लागेपर्यंत केळं खाणार नाही."

दुसऱ्याच दिवशी अर्धापूरहून केळीचा अख्खा घड आला!

* * *

शेजारच्या मंगलताई उदगीरच्या, बोलायला खमक्या. म्हणाल्या, "आपण मंडळातच तयारी करून घेऊ. मी साहेब होते."

चष्मा लावून त्यांनी पहिला प्रश्न टाकला, "तुमचा एक दोष सांगा."

स्वातीनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "मला प्रत्येक काम अगदी परफेक्ट लागतं."

मंगलताईंनी चष्मा काढला. "स्वाती, तुझी खोली मी बघितलीय बाई!"

* * *

मग दडपणाखाली काम करण्याचा प्रश्न आला. मंडळातल्या देगलूरच्या पुष्पाकाकूंना राहवेना. "अय्यो, हे तर मी सांगते! सत्यनारायणाला घर भरलेलं, प्रसादाचा रवा अर्धा भाजलेला, अन् गॅस संपला!"

"मग तुम्ही काय केलं?"

"मी रडले."

"आणि मग?"

"मग सासूबाई रडल्या. आम्ही दोघी रडून राहिलो, ते ऐकून शेजारीण सिलिंडर घेऊन आली."

मंगलताईंनी निकाल दिला, "टीमवर्क! घ्या हिला नोकरीवर."

* * *

"वरिष्ठांशी मतभेद झाले तर?" या प्रश्नाला स्वातीच्या बाबांना बोलावलं. त्यांची जन्मभर सरकारी नोकरी.

"झाले की! लई झाले."

"मग साहेबांना काय सांगितलं, बाबा?"

"साहेबांना कशाला सांगू? घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं."

* * *

तरी स्वातीचं तोंड उघडेना. लातूरच्या सरांनी तिला चार खण पाडून दिले होते: परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल. ती आपली खणच आठवत बसायची. मी म्हटलं, "बाळा, खण सोड. शुक्रवारची कहाणी सांगतेस, तशी सांग. कोण होती, तिच्यावर काय बेतलं, तिनं काय केलं, पुढं काय झालं."

पोरगी बोलायला लागली की हो!

पण कहाणी म्हटल्यावर रिकाम्या हातानं कशी ऐकायची? आम्ही तिघींनी मुठीत अक्षता घेतल्या. संपल्यावर समोर देवाचा फोटो नव्हता, म्हणून तिच्यावरच वाहिल्या.

"आई, केसांत तांदूळ गेले!" असं म्हणून ती चिडायची. पण रोज तालीम, रोज अक्षता. शेवटी असं झालं, की समोर मिटलेल्या मुठी दिसल्याशिवाय तिला शब्दच फुटेना.

* * *

खरा इंटरव्ह्यू लॅपटॉपवर होता. त्यामुळे आम्ही तिघी लॅपटॉपच्या मागं जाऊन बसलो, मुठी मिटून.

"आवाज करायचा न्हाई," स्वातीनं बजावलं.

"हाव," आम्ही माना डोलावल्या.

पलीकडून पुण्याच्या एक मॅडम मराठीतच बोलत होत्या. म्हणाल्या, "तुमची एखादी चूक सांगा, आणि ती कशी निस्तरलीत तेही."

स्वातीनं एकदा आमच्या मुठींकडं पाहिलं आणि सुरू झाली. कॉलेजच्या सहलीची बस तिनं भलत्याच तारखेची ठरवली होती. मग आधी सगळ्यांना खरं सांगितलं, गाडीवाल्यांचे उंबरे झिजवले, सीटं भरून नेणाऱ्या वडाप जीप गोळा केल्या. "आणि शेवटी सगळ्यांची सहल झाली," ती म्हणाली.

कहाणी संपली. आमचे हात आपोआप उठले!

अक्षता लॅपटॉपवरून थेट तिच्या डोक्यावर. एक दाणा नाकावर.

माझ्या डोळ्यांपुढं अर्धापूरची सगळी बाग उभी राहिली.

"हे काय होतं?" मॅडमनी विचारलं.

स्वातीनं काहीही न लपवता सांगितलं. खण, कहाणी, मुठी, सगळं.

"बोलवा त्यांना समोर."

आम्ही पदर सावरत स्वातीच्या मागं उभ्या राहिलो. मॅडम त्यांच्या घरूनच बोलत होत्या. त्यांनी आम्हा तिघींना नीट निरखलं. मग "एक मिनिट" म्हणून उठल्या आणि पाठीमागचा स्वयंपाकघराचा पडदा सारून आत गेल्या. आतून डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला.

परत येऊन खुर्चीत बसल्या, तेव्हा त्यांची उजवी मूठ मिटलेली होती.

"हं, स्वाती," त्या म्हणाल्या, "आता दुसरी सांगा."