खाचरात उभी केलेली मोटार

शंभू ढमालेला आपण ओळखत होतो, असं म्हणायला हैबतरावांची जीभ रेटत नाही. भुकूमला मुलाच्या फ्लॅटवर ते राहिले जेमतेम दोन वर्षं. त्यातले सात-आठ महिने रोज सकाळी तास-दोन तास शंभूच्या शेडमध्ये बसले. एवढ्यावर माणूस थोडाच कळतो? तो शाळा कितवीत सोडून बसला, त्याला भावंडं किती, आणि मुख्य म्हणजे ती पिवळी मोटार उभी करायचं त्याच्या मनानं का घेतलं, यातलं काहीच त्यांना ठाऊक नाही. विचारायला हवं होतं. पण विचारणं हैबतरावांना जन्मात जमलं नाही. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच.

शंभू पंचेचाळिशीचा. उंचीनं बेताचा, हात मात्र फावड्यासारखे. सोसायटीच्या मागे त्याची भाताची तीन खाचरं, दोन म्हशी आणि पत्र्याची शेड. दुरुस्तीचं काम तो कुठं शिकलेला नव्हता. तरी गावात काही बंद पडलं की माणसं आधी शंभूकडे जात आणि मग देवाकडे. विहिरीची मोटर, मळणीचं यंत्र, कुणाची जुनी फटफटी, सगळं त्याच्या हातानं चालू होई. पैसे विचारले तर म्हणायचा, "सावड द्या." लावणीच्या दिवसांत माणसं आळीपाळीनं एकमेकांच्या खाचरात राबतात, आज तू माझ्याकडे, उद्या मी तुझ्याकडे, ती सावड. वर्षानुवर्षं शंभू असा दुसऱ्यांकडे राबला होता. स्वतःकडे बोलावण्यासारखं काम त्याच्याकडे कधी निघालंच नव्हतं.

ते निघालं त्या मोटारीमुळे. टेकडीवर पुण्याच्या एका शेठचा बंगला होता. त्यांची तीस वर्षांची जुनी इटालियन गाडी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, घाटातल्या वळणावरून घसरून सागाच्या झाडावर गेली. शेठना खरचटलंसुद्धा नाही, पण गाडीवरून त्यांचं मन उडालं. चार वर्षं ती ताडपत्रीखाली पडून राहिली. बंगला विकताना शेठ म्हणाले, "शंभू, हिला भंगारात घाल."

"घालतो की," शंभू म्हणाला, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तिला सरळ आपल्या घरी घेऊन आला. कागदही मागाहून रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतले.

ट्रॅक्टर कोंडिबाचा होता. कोंडिबा म्हणजे शंभूचा शेजारी, साठी उलटलेला आणि जिभेला हाड नसलेला. त्यानं कौतुकानं पुढचं झाकण उचललं आणि आत डोकावून पाहिलं तर रिकामी पेटी!

"आरं, हिचं इंजान कुटं हाय?"

शंभूनं काही सांगायच्या आत तो निघून गेला, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की शेठनं इंजिन काढून घेऊन शंभूला नुसतं खोकं दिलं. दोघं-तिघं तर समाचाराला येऊन गेले. तिसऱ्या दिवशी शंभूनं कोंडिबाला हाताला धरून गाडीच्या मागच्या अंगाला नेलं. सीटच्या पाठीमागे, चेपलेल्या पत्र्याखाली, बारा नळकांड्यांचं इंजिन सुखरूप बसलं होतं.

कोंडिबानं वाकून आत पाहिलं. "डोकं मागल्या बाजूला," तो म्हणाला. "म्हंजी मालकावर गेलीया."

शंभूची बायको रेश्मा हसली नाही. शेड तिची होती. खताच्या गोण्या, इरली, अवजारं, सगळं त्या गाडीपायी अंगणात आलं होतं. तिनं चारचौघांत सांगून टाकलं, "लावणीच्या आदल्या दिसापत्तुर ही सोताच्या पायानं रस्त्यावर सरळ चालली तर ऱ्हाईल. न्हाई चालली तर भंगारवाल्याला मी फोन करनार. मग माज्या नावानं बोंबलायचं न्हाई."

"सरळ म्हंजी किती सरळ?" शंभूनं विचारलं.

"मी चालते तशी," रेश्मा म्हणाली. रेश्मा बोलली की ते दगडावरची रेघ, हे शंभूइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

हैबतराव हे सगळं चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून बघत होते. खाली उतरायची इच्छा रोज होई, धीर होत नसे. शेवटी शंभूच वर आला, चपला लिफ्टबाहेर काढून.

"काका, तुमी कंपनीत मापं घ्यायचा म्हनं? वॉचमन सांगत हुता."

घ्यायचे, हे खरं होतं. एकतीस वर्षं ते चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. आलेला माल मोजायचा, चूक दिसली की खडूनं फुली मारून बाजूला सरकवायचा. बोलायचं काम नव्हतं, म्हणूनच ती नोकरी त्यांना मानवली. "आता हात पहिल्यासारखा राहिला नाही," ते पुटपुटले. पण शंभू दारात उभाच होता. मग त्यांनी कपाटातून मापाचा जुना व्हर्नियर काढला आणि त्याच्या मागोमाग जिना उतरले.

इंजिनानं उन्हाळ्यापर्यंतचा वेळ खाल्ला. शंभू मोबाईलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघे. भाषा कळत नसे, पण हात कळत. निघालेला प्रत्येक भाग तो धुऊन गोणपाटावर ओळीनं मांडी, हैबतराव मोजून कागदावर माप लिहीत. ते जपून "अं, हे जरा कमी भरतंय बहुतेक" असं म्हणत, आणि शंभू तेवढ्यावर तो भाग बदलून आणायला पुण्याच्या जुन्या बाजाराची वाट धरी. चैत्रात एका सकाळी इंजिन धडधडलं. असा आवाज त्या आळीनं कधी ऐकला नव्हता. एका म्हशीनं दावं तोडलं, रेश्माच्या हातातलं पीठ सांडलं, आणि शंभू शेडभर नाचला. नाचताना त्यानं हैबतरावांनाही ओढलं. हैबतरावांच्या पायांना ती सवय नव्हती, तरी ते दोन-चार पावलं नाचले.

आता उरला सांगाडा. गाडीचा आतला सांगाडा लोखंडी नळ्यांचा होता आणि सागाच्या धडकेनं त्याला पीळ पडला होता. पीळ काढायचा तर आधी तो किती आहे हे कळायला हवं, आणि त्यासाठी एकदम सपाट जागा हवी. शेडची जमीन उतरती, अंगणात चढ.

"सपाट तर पानीच असतंय," शंभू म्हणाला. "खाचरात उभी करू."

हैबतरावांना आधी ती चेष्टा वाटली. पण भातवाल्याला खाचराची पातळी पाण्यावरूनच कळते, आणि पाणी कुणाची भीड धरत नाही. मे महिन्यात रोपांसाठी राब भाजून झाले होते, खाचरं रिकामी होती. शंभूनं विहिरीची मोटर लावून एका खाचरात वीतभर पाणी भरलं. चार कोपऱ्यांना चार दगड, दगडांवर इंजिन-चाकं उतरवलेला सांगाडा. चारी कोपरे पाण्यापासून सारख्या उंचीवर आले की सांगाडा सरळ.

त्या दिवशी शंभूनं आयुष्यातली पहिली सावड बोलावली. चौदा माणसं आली. रेश्मानं भाकरी आणि सुकटीची चटणी केली. राग गाडीवर होता, माणसांवर नव्हता. पुढचा डावा कोपरा दोन बोटं वर निघाला. साखळी आंब्याला बांधली, कोंडिबाचा ट्रॅक्टर लावला, जॅक लावले. दिवस मावळेपर्यंत दीड बोट उतरला. उरलेलं सकाळी.

सकाळी मोजलं तर काल अर्ध्या बोटावर आलेला कोपरा पुन्हा बोटभर वर! "रात्रीत उसळला जनू," कुणीतरी म्हणालं. "लोखंडाला बी हट्ट असतो," कोंडिबा म्हणाला. चौदा तोंडांची चौदा मतं झाली.

हैबतराव बांधावर उभे होते. आदल्या दिवशी त्यांनी चारी दगडांवर पाण्यालगत खिळ्यानं ओरखडा काढून ठेवला होता, सवयच ती. तीन ओरखडे जागच्या जागी होते. मागच्या उजव्या दगडावरचा पाण्याखाली गेला होता. म्हणजे लोखंड उसळलं नव्हतं, तो दगड चिखलात बसला होता. त्यांना ते स्वच्छ दिसलं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कोंडिबा "हाण!" म्हणून ओरडला, आणि हैबतरावांना वाटलं, इतकी जाणती माणसं आहेत, आपलीच नजर चुकत असेल. ते गप्प राहिले. ट्रॅक्टरनं सरळ होत आलेला सांगाडा ओढून वाकडा केला.

पुढं सगळी जोडणी झाली. जून उजाडला. शेतरस्त्यावर गाडी पहिल्यांदा चालवली तेव्हा ती दहा पावलं नीट गेली आणि मग, शंभू चाक उजवीकडे ओढत असतानाही, तोंड एकीकडे अंग एकीकडे करत उकिरड्यात शिरली.

"खेकडा हाय निस्ता," कोंडिबा म्हणाला.

शंभूनं तिला तीनदा बाहेर काढली, तीनदा ती तिकडेच गेली. लावणीला आठ दिवस उरले होते. रेश्मा मोबाईल कमरेला खोचून फिरू लागली. शंभू शेडच्या दारात बसला. त्यानं हातसुद्धा धुतले नव्हते.

"माज्याच हाताला खोट हाय, काका," तो म्हणाला. "लई मोठं काम काढलं मी."

हैबतरावांना ते ऐकवेना. "शंभूराव, तो दगड बसला होता," ते म्हणाले. "मागचा उजवा. दुसऱ्या दिवशी सकाळी. मी पाहिलं होतं."

"मंग बोलला का न्हाई?"

"चौदा माणसं होती."

हैबतरावांनी मान खाली घातली.

"आवो, चौदा मानसं काय खात्यात व्हय तुमाला?" आणि एकाएकी तो उठून घराकडे तोंड करून ओरडला, "रेश्मे! माज्या हाताला खोट न्हाई! काकांच्या तोंडाला हाय!"

आतून रेश्मा हसली. ती इतक्या मोकळ्यानं हसलेली हैबतरावांनी पहिल्यांदाच ऐकली. मग त्यांनाही हसू आलं.

पण सावड पुन्हा कशी मागायची? लावणीच्या तोंडावर ज्याला त्याला आपलं खाचर. "तुमी जायाचं," शंभू म्हणाला. "काय झालं त्ये तुमीच सांगायचं."

हैबतराव घरोघर गेले. पहिल्या घरी शब्द फुटेना, चहा निवून गेला. तिसऱ्या घरी त्यांनी दगडाची गोष्ट हातवारे करून सांगितली. पाचव्या घरी पोचेपर्यंत गोष्ट त्यांच्या आधीच पोचली होती, आणि कोंडिबा ओट्यावर बसून ती त्यांच्याहून रंगवून सांगत होता. चौदांतले अकरा आले.

गाडी पुन्हा सुटी केली. या वेळी चिखल नको म्हणून ओढ्याकाठच्या खडकावर मातीचा बांध घालून पाणी अडवलं. दगड खडकावर बसवले. हैबतरावांसाठी प्लॅस्टिकची खुर्ची आली. दर खेचेनंतर शंभू ओरडायचा, "काका, बोला!"

"अर्धं बोट राहिलं."

"मोठ्यानं!"

"अर्धं बोट राहिलं!" हैबतराव ओरडले, आणि समोरच्या डोंगरानं ते पुन्हा सांगितलं. अकरा माणसं खो-खो हसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चारी कोपरे पाण्याशी खरे झाले, आणि उरलेले दिवस पुन्हा जोडणीत गेले.

लावणीच्या आदल्या दिवशी सकाळी, रहदारी सुरू व्हायच्या आत, गाडी पौड रस्त्यावर आली. वाटेतल्या गतिरोधकाला तिचं पोट घासणार म्हणून कोंडिबानं दोन्ही बाजूंना फळ्या टाकल्या, आणि नवरीला उंबरठा ओलांडून घ्यावं तशी माणसांनी तिला पलीकडे काढली. जागा दोघांचीच. शेजारी कोण बसणार याची चर्चा रंगायच्या आत रेश्मानं पदर खोचला. "मी बसनार. बगायचं मलाच हाय." आत वाकून शिरताना ती म्हणाली, "ही काय गाडी हाय? बसायचं का लोळायचं?"

हैबतराव रस्त्याच्या कडेला पांढऱ्या पट्ट्याजवळ उभे राहिले. गाडी लांबून येताना दिसली, मग तिचा आवाज आला. ती समोरून गेली तेव्हा शंभूचे दोन्ही हात चाकावर नव्हते. वर छताला लावलेले होते. रेश्मा दोन्ही हातांनी सीट धरून ओरडत होती, "आवो धरा! धरा की!" आणि ओरडता ओरडता हसत होती. हैबतराव त्यांच्याकडे बघत नव्हते. ते मागचं चाक आणि पांढरा पट्टा यांच्यातलं अंतर बघत होते. नजर पोचेपर्यंत ते बोटभरही हललं नाही.

कोंडिबा शेजारी येऊन उभा राहिला. "काय, काका?"

"सरळ!" हैबतराव म्हणाले. इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या फुटपाथवरचा दूधवाला थांबला.

लावणी आटोपली आणि हैबतरावांच्या मुलाची नाशिकला बदली झाली. सामानाचा ट्रक निघाला त्या सकाळी शंभू फाटकाशी पिवळी गाडी घेऊन आला, आंबेमोहोराची पिशवी द्यायला. रेश्मा शेजारी होती. तिला पौडला बाजाराला जायचं होतं. पिशवी देऊन झाली, नमस्कार झाले. हैबतराव मुलाच्या गाडीत बसायला वळले आणि थांबले. त्या सकाळनंतर शंभूची आणि त्यांची गाठ पडलेली नाही.

"शंभूराव, मागच्या डाव्या टायरात हवा कमी आहे."

शंभूनं खिडकीतून मान काढून पाहिलं.

"व्हय की. जाता जाता भरून घेतो."

"घ्या."